दोन फुटी भिंत आणि करंबेळकर मॅडम

करंबेळकर मॅडमच्या देखत "वा, इथे काय छान गार आहे हो!" असं म्हणणं धोक्याचं असे. म्हणणारा पाहुणा असो, प्राचार्य असोत, नाहीतर लग्नाच्या हॉलमधले वधूपिता असोत, मॅडम चष्मा नाकावर जरा खाली घेऊन विचारायच्या, "कशापेक्षा?"

माणूस गार आहे म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की उन्हातून आलो, घाम वाळला, बरं वाटलं. मॅडमना तेवढं पुरत नसे. बाहेरच्या हवेपेक्षा गार, की कालच्यापेक्षा, की शेजारच्या खोलीपेक्षा? आणि गार काय आहे, हवा की भिंत? एकदा एका विद्यार्थ्याने धीर करून वर्गात सांगितलं, "मॅडम, जुन्या इमारतीत शिरलं की गार वाटतं." मॅडम म्हणाल्या, "वाटतं ते घरी आईला सांगायचं. इथे किती, ते सांगायचं."

पुण्यातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात मी आणि मॅडम बरीच वर्षं एकाच खोलीत बसलो. मी ड्रॉइंग शिकवायचो. त्या मूळच्या फिजिक्सच्या. इमारती उन्हात कशा तापतात आणि कशा निवतात हा त्यांचा विषय. परीक्षेत त्याला मार्क कमी, त्यामुळे मुलं तो गंभीरपणे घेत नसत. मुलांना काचेच्या इमारती काढायच्या असत. अशी काचेची इमारत तपासायला आली की मॅडम शेरा लिहायच्या नाहीत. लाल पेनाने इमारतीच्या पश्चिमेला एक सूर्य काढायच्या आणि कागद परत द्यायच्या. हुशार मुलाला कळायचं. बाकीचे तो सूर्य खोडून पुढच्या वर्गात जायचे.

उंच, सडसडीत बाई. कायम सुती साडी, तीही फिक्या रंगाची, कारण गडद रंग ऊन खातो. चहा पूर्ण निवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यामुळे कॅन्टीनमध्ये त्यांच्याबरोबर चहाला जाणारा माणूस आपला संपवून कंटाळून उठून जायचा आणि त्या एकट्याच कपासमोर बसलेल्या दिसायच्या. कुणाच्या घरी गेल्या की खुर्चीवर बसण्याआधी विचारायच्या, "तुमची पश्चिम कुठे?" पहिल्यांदा भेटणाऱ्या यजमानांची तारांबळ उडायची. काहींना वाटायचं, बाई वास्तुशास्त्रवाल्या आहेत. एका घरी तर काकूंनी घाईघाईने देवघराची दिशा समजावून सांगायला सुरुवात केली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देव बरोबर बसलेत. तुमचा फ्रीज चुकलाय."

आमच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी होती. मॅडम ती सकाळी दहाच्या सुमाराला लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी जाताना उघडून जायच्या. लोक बरोबर उलटं करायचे. दुपारी कुणीतरी घाम पुसत यायचं आणि "हवा येऊ द्या जरा" म्हणत खिडकी ढकलायचं. "हवा नाही येत, ऊन येतं," असं मॅडम आधी तोंडाने सांगायच्या. पुढे सांगण्याचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी खिडकीवर सुवाच्य अक्षरात पाटी लावली : 'आतल्यापेक्षा बाहेर जास्त गरम आहे. खात्री करायची असल्यास बाहेर जावे.' पाटी बघायला दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक येऊन गेले. मॅडम कुणाशी भांडल्या असं नव्हे, पण त्या पाटीनंतर आमच्या खोलीत गप्पांना येणाऱ्यांची संख्या रोडावली हे खरं.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण. दोघी अविवाहित. शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत त्या वर्षानुवर्षं राहात. ताई शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, हसऱ्या, आणि कायम गारठलेल्या. भर एप्रिलमध्ये त्या अंगात स्वेटर घालून बसायच्या आणि बहिणीला म्हणायच्या, "उषा, ती खिडकी लाव गं, वारं लागतंय." मॅडम हातातला थर्मामीटर दाखवून म्हणायच्या, "ताई, पस्तीस आहे." ताई म्हणायच्या, "ते त्याला. मला नाही." मॅडम निमूटपणे खिडकी लावायच्या. "ताई हे माझ्या आयुष्यातलं एकच असं उपकरण आहे," असं त्यांनी मला एकदा सांगितलं, "की ज्याचं रीडिंग चुकीचं आहे हे माहीत असूनही मी मान्य करते."

ताई गेल्यावर घरमालकांनी खोल्या परत मागितल्या. मॅडमनी वाद घातला नाही. वाघोलीला एका नव्या सोसायटीत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पश्चिमेचा, स्लॅबखालचा, चार-सहा इंची भिंतींचा. आम्ही सगळे चकित झालो. आमच्यातल्या एका आगाऊ माणसाने विचारलंच, "मॅडम, तुम्ही? आणि असा फ्लॅट?" मॅडम म्हणाल्या, "अहो, हृदयरोगतज्ज्ञाचं हृदय चांगलंच असतं का?" सगळे हसले. त्याही हसल्या. पण त्यानंतर त्या संध्याकाळी कॉलेजातून लवकर निघेनाशा झाल्या. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला की मगच उठायच्या.

त्याच सुमाराला वाचनालयाचं काम त्यांच्याकडे आलं.

शनिवार पेठेत एका जुन्या वाचनालयाची इमारत होती. विटांची, चुन्यात बांधलेली, दोन फूट जाडीच्या भिंतींची. पुस्तकं वाचायला तिथे आता फारसं कुणी जात नसे, पण मोठ्या सभागृहात अभ्यासिका चालायची. गावोगावाहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलंमुली सकाळपासून लाकडी टेबलांवर डोकी घालून बसलेली असत. वाचनालय चालवणाऱ्या संस्थेला इमारत पाडून तिथे नवी उंच इमारत उभी करायची होती. ती वाचावी म्हणून पेठेतल्या काही मंडळींनी एक गट केला होता. त्याचे पुढारी दामले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, सज्जन माणूस, लहानपणापासून त्याच वाचनालयात वाढलेले. ते कॉलेजात आले आणि मॅडमना म्हणाले, "संस्था म्हणते, जुनी इमारत कोंदट आहे, मुलांना त्रास होतो. आम्ही म्हणतो, इतकी गार इमारत आख्ख्या पेठेत नाही. तुम्ही मोजून द्या, म्हणजे प्रश्न मिटला."

"कशापेक्षा गार?" असं या वेळी मॅडमनी विचारलं नाही. त्या लगेच हो म्हणाल्या. ज्या भिंतींबद्दल इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं, तसली खरीखुरी भिंत उन्हाळाभर मोजायला मिळणार होती.

मार्च लागताच त्यांनी सभागृहाच्या पश्चिम भिंतीला आतून आणि बाहेरून सेन्सर चिकटवले. बारीक तारा, त्या एका डबीला जोडलेल्या. रोज कॉलेज सुटलं की मॅडम तिकडे. मी घराकडे जाताना कधीकधी डोकवायचो. अभ्यास करणाऱ्या मुलांमधे एका कोपऱ्यात त्या बसलेल्या असत, त्याही जणू कुठल्यातरी परीक्षेला बसणार असाव्यात तशा.

तिथेच त्यांची वर्षाशी ओळख झाली. वर्षा शिरूरकडची, शेतकऱ्याची मुलगी, तिशीला टेकलेली. परीक्षा एकदोनदा थोडक्यात हुकली होती. मॅडम भिंतीला काय लावतायत हे तिने सरळ येऊन विचारलं. मॅडमनी सांगितलं, "ही भिंत किती गार राहते ते बघतेय."

वर्षा म्हणाली, "दुपारी गारच हाय मॅडम, काय बोलायचं नाय. पण संध्याकाळच्याला इथं बसवत नाय ओ. ही भिंत अशी भाजते पाठीला. आम्ही तिकडच्या टेबलांवर सरकतो सगळे."

शेजारचा मुलगा तिला कोपराने ढोसून म्हणाला, "अगं, त्यांना असं नको सांगूस. बिल्डिंग पाडतील." वर्षा गडबडली. मॅडम मात्र खूश झाल्या. "नाही नाही, सांग. किती वाजता सरकता तुम्ही?"

मोजमापंही तेच सांगू लागली. मला मॅडमनी ते समजावलं होतं, आणि माझ्यासारख्या ड्रॉइंगवाल्यालाही कळेल असं समजावलं होतं. "भिंत म्हणजे पिंप आहे, सावंत. ऊन बाहेरून पडलं की ते लगेच आत येत नाही, आधी पिंपात साठतं. पिंप मोठं, म्हणून दुपारभर आत काही जाणवत नाही. सगळे म्हणतात, वा, काय गार! संध्याकाळी ते आतल्या बाजूने गळायला लागतं. वाईट नाही ते. रात्री खिडक्या, झरोके उघडे असले तर गार वारं येतं आणि पिंप रिकामं करतं. पूर्वी ते उघडे असायचे. आता सगळं बंद. मग कालचं उरलेलं आणि आजचं नवं."

सगळं बंद होतं हे खरं. वरचे झरोके कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकून बुजवले होते. खिडक्या रखवालदार चोरीच्या भीतीने संध्याकाळीच लावून घेई. बाहेरून कुणी तरी मधल्या काळात सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर जाईना. मॅडमनी हे सगळं अहवालात लिहिलं. दुपारी भिंत उत्तम काम करते हे लिहिलं. संध्याकाळनंतर ती बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते, बसणाऱ्यांना त्रास होतो, हेही लिहिलं. त्याचं कारण आणि उपाय पुढच्या पानावर लिहिला.

दामले अहवाल घेऊन आमच्या खोलीत आले तेव्हा मी तिथेच होतो.

"मॅडम, काम उत्तम झालंय," ते म्हणाले. "फक्त हे संध्याकाळचं प्रकरण तेवढं काढून टाकू या."

"का?"

"अहो, का काय? आपल्याला इमारत वाचवायचीय ना?"

"ती तुम्ही वाचवताय. मी मोजतेय."

"पण आपण एकाच बाजूला आहोत की नाही?"

"दामले, भिंतीला बाजू दोन. आतली आणि बाहेरची. तिसरी मला मोजता येत नाही."

दामल्यांचा चेहरा पडला. मॅडमना ते दिसलं असावं, कारण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढचं पान वाचलंत का? उपाय साधा आहे. झरोके उघडा, रात्री खिडक्यांना जाळ्या लावून त्या उघड्या ठेवा. इमारत वाईट नाहीये. आपण ती वाईट वापरतोय."

"मी वाचलं हो," दामले थकल्यासारखे म्हणाले. "पण ते लोक पुढचं पान वाचणार नाहीत."

तेव्हा दामले बरोबर होते. मॅडमही बरोबर होत्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हे कळत होतं, आणि मी मधे बसून मुलांची ड्रॉइंग तपासत होतो.

संस्थेच्या सभेत अध्यक्षांनी अहवालातलं एकच वाक्य वाचून दाखवलं, संध्याकाळच्या गरम भिंतीचं. "हे आमचं मत नाही," ते म्हणाले, "तुम्हीच आणलेल्या तज्ज्ञांचं आहे." पुढचं पान कुणी उलटलं नाही. सभा संपल्यावर दामल्यांच्या गटातल्या माणसांनी मॅडमकडे पाहणं टाळलं. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'बाई विकल्या गेल्या.' मॅडम व्हॉट्सॲप वापरत नसत. पण अशी वाक्यं पोचतातच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सावंत, मला विकत घेतलं तर माझं काय करणार हो कुणी?" मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या ओळखीच्या कुणाला अपेक्षित नव्हतं. त्या थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला एक महिना झरोके उघडू द्या. खिडक्यांना जाळ्या मी लावून घेते. मग पुन्हा मोजते." अध्यक्ष लगेच म्हणाले, "करा की मॅडम. अवश्य करा."

वाघोलीहून रोज संध्याकाळी यायचं, खिडक्या उघडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा येऊन लावायच्या, हे जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मॅडमनी कसबा पेठेत, तांबट आळीत एक खोली महिन्याभरासाठी भाड्याने घेतली. खाली तांब्याची भांडी ठोकायचं काम चाले. दिवसभर ठण ठण ठण. मी भेटायला गेलो तेव्हा मला दोन मिनिटांत डोकं दुखायला लागलं.

"झोप लागते तुम्हाला इथे?" मी विचारलं.

"लागते की. संध्याकाळी ते थांबतात," मॅडम म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ताई गेल्यापासून कुणाचा आवाज येत असताना उठायची सवयच गेली होती."

त्या महिन्यात मी त्यांना जितकं प्रसन्न पाहिलं तितकं कधी पाहिलं नाही. सुट्ट्या लागल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ चालत वाचनालयात जायच्या. सुताराकडून प्लायवूड काढून घेतलं, कबुतरांसाठी जाळी बसवली. रखवालदाराची समजूत घातली. बाहेरच्या गिलाव्याला हात लावायची परवानगी नव्हती, तेव्हा तो तसाच राहिला. "अर्धाच औषधोपचार" असं त्या म्हणायच्या. अभ्यासिकेतली मुलं संध्याकाळी चहाला निघाली की यांनाही हाक मारायची. मॅडम टपरीवर उभ्या राहून निवलेला चहा प्यायच्या आणि मुलं त्यांच्यासाठी थांबायची. कुणी त्यांना इतिहासाच्या तारखा विचारायला सांगायचं, कुणी विज्ञानाचे प्रश्न. वर्षाने तर त्यांना आपल्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला बसवलं. "मॅडम, तुम्ही साहेबासारखं तिरकं विचारा." मॅडमना ते वेगळं शिकावं लागलं नाही.

भिंत हळूहळू निवू लागली. एका रात्रीत नव्हे. मॅडम म्हणाल्या तसं पिंप भरायला आणि रिकामं व्हायला दिवस लागतात. पण महिना संपत आला तसं भिंतीकडची टेबलं संध्याकाळीही भरलेली दिसू लागली. वर्षा पाठ भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "सर, भिंतीनं ऐकलं बघा मॅडमचं."

"भिंतीने काही ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "झरोक्यांनी केलं." पण त्यांचा चेहरा उजळला होता.

नवी मोजमापं घेऊन त्या अध्यक्षांकडे गेल्या. बरोबर मी होतो. अध्यक्षांनी चहा मागवला, कागद नीट पाहिले, मान डोलावली, आणि म्हणाले, "फार छान. पण मॅडम, करार मार्चअखेरीसच झालाय. मुलांची सोय दुसरीकडे लावतोय. इमारत रिकामी करायची नोटीस या आठवड्यात लागेल."

मॅडमनी टेबलावरचे कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "मग मला परवानगी कशाला दिलीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून मागत होतात," अध्यक्ष म्हणाले. "नाही कसं म्हणणार?"

वाईट हेतूने म्हणाले नाहीत ते. मला वाटतं, हेच मॅडमना सगळ्यात जास्त लागलं. बाहेर आल्यावर त्या शनिवारवाड्याच्या बाजूला चालत राहिल्या. मी बरोबर होतो, पण त्यांना ते आठवत होतं की नाही कोण जाणे. बस थांब्यापाशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तांबट आळीतली खोली उद्या सोडते. तुम्ही जा आता, उकडतंय." 'उकडतंय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पाडकाम दिवाळीनंतर सुरू झालं. मॅडमनी मला फोन केला. "येता का? मला एकदा ती भिंत बघायचीय." मला वाटलं, निरोप घ्यायला जायचं असेल. मी गेलो.

छप्पर आधीच उतरवलं होतं. पत्र्यांच्या कुंपणाच्या फटीतून रस्त्यावरची माणसं आत बघत होती. पलीकडच्या फुटपाथवर दामले स्कूटर लावून उभे होते. हेल्मेट हातात, चेहरा पांढरा. जेसीबीचा दात पश्चिमेच्या भिंतीत घुसला आणि भिंतीचा वरचा मोठा तुकडा आत कोसळला. धूळ बसेपर्यंत काही दिसलं नाही. मग भिंतीचा छेद समोर आला, केक कापल्यासारखा.

मॅडम एकदम ओरडल्या. "सावंत! बघा! मधे बघा!"

मी पाहिलं. भिंतीच्या दोन्ही अंगांना नीट रचलेल्या विटा होत्या. मधे मात्र विटा नव्हत्याच. विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे, चुना, असा सगळा भराव होता. आणि त्यात जागोजागी पोकळ्या.

आता हे सांगायला हवं की मॅडमच्या आकड्यांत पहिल्यापासून एक खोच होती. भरीव विटेच्या दोन फुटी भिंतीतून उष्णता जितकी जायला हवी, त्यापेक्षा इथे ती कमी आणि सावकाश जात होती. मॅडमनी हिशेब पुन्हा पुन्हा केले. सेन्सर तपासून आणले. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत राहिलं, आणि शेवटी अहवालाच्या तळटीपेत त्यांनी लिहिलं होतं, 'कारण कळले नाही.' इतक्या वर्षांत हे तीन शब्द लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांना ते फार खुपलं होतं.

"हवा अडकलीय मधे!" त्या म्हणत होत्या. "म्हणून सावकाश! माझं बरोबर होतं हो, मोजमाप बरोबर होतं! भिंतच वेगळी होती!" त्यांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. साडीवर धूळ, केसांवर धूळ. मुकादम आतून ओरडला, "ओ बाई, मागं व्हा!" त्यांना ऐकू गेलं नाही. हे कुणाला तरी सांगायला हवं, लगेच सांगायला हवं, असं त्यांना झालं होतं, आणि रस्त्यापलीकडे त्यांना दामले दिसले. भिंतीतलं ज्याला कळेल असा तिथला तोच एक माणूस होता.

"अहो दामले!" त्यांनी हात उंच करून हाक मारली. "इकडे या! पोटात भराव आहे! पोकळ्या आहेत!"

दामल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ज्या इमारतीत आपण लहानाचे मोठे झालो ती डोळ्यांसमोर पडत असताना टाळ्या वाजवणारी बाई त्यांना दिसत होती. त्यांनी हेल्मेट घातलं, स्कूटर वळवली आणि निघून गेले.

मॅडमचा हात तसाच वर राहिला होता. मग तो त्यांनी खाली घेतला. मी त्यांना समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं. आत जेसीबी पुढचा घास घेत होता. त्या बराच वेळ त्या छेदाकडे बघत राहिल्या, तो दिसेनासा होईपर्यंत.

"कळलं एकदाचं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताईला सांगितलं असतं तर तिला काही समजलं नसतं. पण तिने ऐकलं असतं."

त्यानंतर वर्षभरात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण करायचं नाकारलं. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. विषय ऐच्छिक झाला, मग बंद झाला. वर्षाची निवड झाल्याचा पेढा घेऊन ती कॉलेजात मॅडमना शोधत आली, तेव्हा त्यांचा फोन नंबर मीच तिला दिला. तिची पोस्टिंग लांब विदर्भात होती. मी अधूनमधून फोन करायचो. मॅडम विचारायच्या, "खिडकी कोण लावतं आता?" मी म्हणायचो, "एसी बसवलाय मॅडम, ती कायमचीच लावलेली आहे." पलीकडून फक्त "हं" यायचं. त्या गेल्याचं कळलं तेही कॉलेजच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधोमध.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. त्यांच्याकडे असलेली कॉलेजची काही उपकरणं आणायला मी वाघोलीला गेलो होतो. डिसेंबरातली संध्याकाळ होती, चांगलाच गारठा पडला होता. लिफ्टमधून वर गेलो. मजल्यावरच्या कुठल्याच दारावर नावाची पाटी नव्हती, नुसते नंबर. मॅडमनी दार उघडलं. खूप वाळल्या होत्या. अंगात जाडजूड स्वेटर होता, बाह्या आखूड, त्यांच्या मापाचा नसलेला. उपकरणं त्यांनी पुसून, डब्यात भरून तयार ठेवली होती. "सगळी चालू आहेत," म्हणाल्या. "तपासून घ्या." मी तपासली नाहीत.

बैठकीच्या खोलीत सोफा होता, टीव्ही होता, खिडकीपाशी मोकळी जागा होती. पण त्यांची खुर्ची भलतीकडेच होती. आतल्या बाजूच्या एका कोऱ्या भिंतीला अगदी लागून, जिथून ना बाहेरचं काही दिसत होतं ना टीव्ही. शेजारी स्टुलावर चष्मा, वर्तमानपत्र, पाण्याचं भांडं. म्हणजे बसणं कायमचं तिथेच.

"इथे का बसता मॅडम? अंधार आहे की," मी म्हटलं.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

मी भिंतीला हात लावला. मला काही विशेष कळलं नाही.

"अजून नाही कळायचं. ही शेजारच्यांची आणि माझी एकच भिंत. पलीकडे त्यांचा ओटा आहे. संध्याकाळी स्वयंपाक सुरू झाला की थोड्या वेळात इकडे ऊब येते. फार नाही. दोन-तीन अंश असेल." त्या खुर्चीत बसल्या. "चार इंची भिंत. लगेच येते. पातळ भिंतीचं एवढं एक बरं असतं."

"कोण राहतं पलीकडे?"

"नवराबायको आहेत. लहान मूल आहे. नावं नाही माहीत." मग जणू त्यांची बाजू घेतल्यासारख्या म्हणाल्या, "नोकरी करतात दोघंही. दमून येतात."

मी चहा नको म्हटलं होतं तरी त्यांनी केला. मी माझा संपवला. त्यांचा कप स्टुलावर निवत होता. बाहेर अंधारून आलं. बोलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, आणि उठावंसंही वाटत नव्हतं. शेवटी मी डबा उचलला. त्या दारापर्यंत येते म्हणाल्या, मी नको म्हटलं. दार ओढून घेताना मागे वळून पाहिलं तेव्हा भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज झाला, आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी.

"आज उशीर झाला त्यांना," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची भिंतीकडे आणखी थोडी सरकवून बसल्या.